वाटणाऱ्याचा हात

बारामतीचे नाव काढले की लोकांना ऊस आणि कालवे आठवतात. आमचे लोणी भापकर मात्र तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले. मल्लिकार्जुन मंदिराची दगडी पुष्करणी पाहायला बाहेरचे लोक येतात, गावाची नजर आभाळाकडे असते. दुष्काळ आणि मदत हे दोन्ही शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

१९७२ च्या दुष्काळात आमची दादी खडी फोडायला जाई. अमेरिकेहून आलेला लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, यांना ती नावे ठेवी. पण एक गोष्ट अभिमानाने सांगे, "बेटा, मस्टर पे नाम था. काम किया, दाम लिया. किसी के आगे हात नै पसारा." त्याच दुष्काळाच्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. दादीच्या बोलण्याचा अर्थ मात्र आम्हाला फार उशिरा कळला.

२०२० चा रमजान टाळेबंदीत आला. आम्ही बारामतीत उर्दू शाळेत शिकवतो. शाळेजवळच्या वस्तीतली मजुरी बंद पडली होती. मित्रांनी जकातीचे पैसे जमवून किराण्याच्या पिशव्या भरल्या. सरांना घरे माहीत, म्हणून यादी आमच्याकडे आली. देणाऱ्यांना हिशेब दाखवायचा, म्हणून फोटोही आम्हीच काढले. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई पिशवी घेताना पदर पुढे ओढत होती. आम्ही म्हणालो, "भाभी, जरा इधर देखो." तिने पाहिले. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला.

शाळा पुन्हा भरू लागल्या. एका मुलाने तो फोटो त्या मुलीला दाखवला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आम्ही घरी गेलो. आईने चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "सर, राशन तो एक महिने में खतम हुआ. फोटो अबी तक चल रा है."

बी.एड.ला 'बालकाचा स्वाभिमान' यावर आम्ही चांगले गुण मिळवले होते!

नंतर वाचनात आले की रेड क्रॉस चळवळ आणि इतर मदतसंस्थांनी १९९४ सालीच दहा कलमांची आचारसंहिता केली आहे. मदत गरज पाहून द्यावी, वंश-धर्म पाहून नव्हे. मदतीच्या आडून राजकारण वा धर्मप्रचार करू नये. आणि दहावे कलम असे की प्रसिद्धी करताना आपद्ग्रस्तांना लाचार नव्हे, सन्मान असलेली माणसे म्हणून दाखवावे. म्हणजे आमचा गुन्हा आधीच लिहून ठेवलेला होता. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावण्यांतून आणखी भयंकर गोष्ट बाहेर आली. धान्याच्या बदल्यात बायका-मुलींचे शोषण झाले होते. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याविरुद्ध कडक नियम केले. वाटणाऱ्याच्या हातात धान्याबरोबर सत्ताही येते, ती हीच.

आणि आम्हाला हे जिनिव्हाहून शिकायची गरज होती का? जकातीच्या आठ वाट्यांत ती गोळा करणाऱ्याचाही वाटा आहे. म्हणजे त्याला मेहनताना हक्काचा, पण तेवढाच. बुखारी शरीफमध्ये प्रसंग आहे. एक वसूलदार परतून म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. पैगंबरसाहेबांनी विचारले, तू आईबापांच्या घरी बसून राहिला असतास, तर ही भेट आली असती का? आमच्या फोटोवर मिळालेल्या शाबासक्याही अशीच भेट होती. उपकार बोलून दाखवला की सदका वाया जातो, हे तर आम्ही मुलांना शिकवतो. फोटो म्हणजे न बोलता, रोज बोलून दाखवलेला उपकार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीसह ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. पुढच्या उन्हाळ्यात गावात मदतीचा विषय निघाला, तेव्हा आम्ही आधी नियम मांडले. यादी दोघांपुरती, त्यातली एक बाई. धर्म-जात विचारायची नाही. पिशवीऐवजी दुकानदाराकडे उधारीत जमा, म्हणजे ज्याला जे हवे ते तो घेईल. हिशेब पावत्यांचा, चेहऱ्यांचा नाही. तक्रार वाटणाऱ्याकडे नाही, तिसऱ्या माणसाकडे. एकजण म्हणाला, "फोटो नसेल तर पुढच्या वेळी पैसे कोण देणार?" पैसे थोडे कमी आले, हे खरे. पण कुणाला मान खाली घालावी लागली नाही.

ती मुलगी आम्ही माफी मागितल्यावर शाळेत परतली. आमच्या मोबाईलमधला फोटो आम्ही पुसला. इतरांच्या मोबाईलमध्ये तो अजून असेल. त्याचा हिशेब आम्हालाच द्यायचा आहे.