रुमालाखालचीं बोटें

दलाली हा शब्द आमच्या मध्यमवर्गीय कानांना कधींच गोड लागला नाहीं. ज्याच्या हातीं नांगर नाहीं, तराजू नाहीं, लेखणीही नाहीं, आणि तरी ज्याच्या खिशांत दोहोंकडचे पैसे पडतात, असा कोणी मधला मनुष्य आम्हांला त्या शब्दामागें उभा दिसतो. हा ग्रह पुष्कळ अंशीं अन्यायाचा आहे. विकणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला विकणारा शोधून देणें हेंही श्रमाचेंच काम असून त्याचें मोल कोणीतरी दिलेंच पाहिजे. घर भाड्यानें घेतांना आम्ही दलालाला महिन्याचें भाडें देतों. कुरकुरत देतों, पण किती दिलें हें आम्हांला ठाऊक असतें. आमचें भांडण त्या दलालीशीं नाहीं. जी दलाली आमच्याच खिशांतून जाते आणि जिचा आंकडा मात्र आम्हांलाच सांगितला जात नाहीं, तिच्याशीं आहे. अशा दलालीचें हल्लींचें मोठें सुखवस्तु निवासस्थान म्हणजे मोटारगाड्यांच्या दुकानांतील तो कांचेचा कोपरा, जेथें कर्जाचे कागद होतात.

वाचकांपैकीं कांहींना २०२१ सालच्या जून महिन्यांतील एक जाहीर सूचना आठवत असेल. एचडीएफसी बँकेनें तींत असें कळविलें होतें कीं, २०१३-१४ ते २०१९-२० या आर्थिक वर्षांत ज्या ग्राहकांनीं मोटारीच्या कर्जांतूनच 'जीपीएस' यंत्र घेतलें, त्यांना त्या यंत्रावरील कमिशन परत केलें जाईल व तें हप्त्याच्या खात्यांत परस्पर जमा होईल. गाडी कोठें आहे हें सांगणारें तें यंत्र. त्याची किंमत अठरा-एकोणीस हजारांच्या घरांत असल्याचें वृत्तपत्रांतून आलें होतें, आणि तें घेतल्यावांचून कर्ज मिळत नाहीं अशी ग्राहकांची समजूत करून दिली जात असे, अशी तक्रार होती. किंमत कर्जांतच मिळविली जाई. म्हणजे नको असलेल्या वस्तूवर पांच-सात वर्षें व्याजही द्यावयाचें. या प्रकरणाचा बोभाटा २०२० सालीं झाला. नोकरांच्या गैरवर्तनाबद्दल योग्य ती कारवाई केल्याचें बँकेनें सांगितलें. आणि २०२१ च्या मे अखेरीस रिझर्व्ह बँकेनें तिला दहा कोटी रुपये दंड केला.

त्या दंडाच्या पत्रकांतील दोन गोष्टी आमच्या मनांत राहिल्या आहेत. पहिली ही कीं, या चौकशीचें मूळ कोणा ग्राहकाच्या अर्जांत नव्हतें, तर आंतल्या गोटांतून आलेल्या एका तक्रारींत होतें. सहा-सात वर्षें हजारों सुशिक्षित कुटुंबांनीं तें यंत्र गाडींत बसवून घेतलें, हप्ते फेडले, आणि ओरड झाली ती कोणा जाणत्यानें आंतली गोष्ट बाहेर सांगितली तेव्हां! दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. दंड ज्या कलमांखालीं झाला तीं १९४९ सालच्या बँकिंग नियमन कायद्यांतील कलमें ६ (२) व ८ होत. बँकेनें ठरवून दिलेल्या धंद्यापलीकडे जाऊं नये आणि मालाची खरेदी-विक्री करूं नये, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे बँकेनें वाण्याचें दुकान मांडलें हा अपराध ठरला. ग्राहकापासून कमिशन झांकून ठेवणें हा अपराध आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या कलमांत येतच नव्हता. परत मिळावयाचें होतें तेंही कमिशन. यंत्राची किंमत नव्हे.

नेमका हाच राहिलेला प्रश्न विलायतेंत गेलीं कांहीं वर्षें गाजत आहे. तेथें मोटारी बहुतेक हप्त्यांनींच घेतल्या जातात आणि कर्ज जुळवून देण्याचें काम गाडी विकणारा दुकानदारच करतो. एके काळीं कांहीं सावकारांनीं दुकानदाराला अशी मुभा दिली होती कीं, व्याजाचा दर त्यानेंच ठरवावा. दर जितका चढा तितकें त्याचें कमिशन अधिक. या प्रकाराला २८ जानेवारी २०२१ पासून तेथें बंदी झाली. पुढें जुन्या करारांबद्दल दावे लागले. २०२४ च्या ऑक्टोबरांत अपील न्यायालयानें ग्राहकांच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां सावकारांचे धाबें दणाणलें. १ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल बराचसा फिरविला. दुकानदार हा ग्राहकाचा विश्वस्त नव्हे, तो आपला माल खपविण्यासाठीं बसलेला आहे हें उघड आहे, असें न्यायाधीशांनीं म्हटलें. तरीही एका ग्राहकाचा दावा त्यांनीं मान्य केला. त्यानें २०१७ सालीं एक जुनी गाडी घेतली होती आणि तिच्या कर्जावर दुकानदाराला मिळालेलें कमिशन १,६५० पौंडांवर गेलें होतें. कर्जाच्या रकमेच्या शेंकडा २५ आणि कर्जापोटीं त्याला पडलेल्या एकूण खर्चाच्या शेंकडा ५५! एवढी रक्कम लपविली जाते तेव्हां तो संबंधच अन्यायाचा ठरतो, असा निर्णय झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथील देखरेख करणाऱ्या संस्थेनें भरपाईच्या योजनेचा जो मसुदा पुढें ठेवला, त्यांत सुमारें १ कोटी ४० लाख करार येत होते आणि दर करारामागें सरासरी ७०० पौंड धरले होते.

दुकानदार आपला विश्वस्त नव्हे, हें न्यायालयाचें म्हणणें आम्हांला तर्कदृष्ट्या पटतें. आपल्याकडील १८७२ च्या करार-कायद्याच्या २१६ व्या कलमांतही मुनिमानें धन्याला न कळूं देतां धन्याच्याच कामांत स्वतःचा फायदा साधला तर तो धन्याला मागतां येतो, असें आहे. पण दुकानदार आपला मुनीम कधीं झाला, हा प्रश्न उरतोच. तर्काला पटलें तरी मन मात्र तेवढ्यावर थांबत नाहीं. कारण कांचेच्या त्या कोपऱ्यांतला मनुष्य बोलतो तो दुकानदाराच्या भाषेंत नव्हे, हितचिंतकाच्या भाषेंत.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या भाच्याबरोबर आम्ही नागपुरांतील अशाच एका दुकानांत गेलों होतों. गाडी पसंत झाली, रंग ठरला, आणि कर्जाच्या टेबलाशीं बसतों तों समोरचा तरुण एकदम उठून उभा राहिला व वांकून नमस्कार करता झाला. आमचा जुना विद्यार्थी! दुसऱ्या बांकावर बसणारा, अक्षर सुरेख, अर्थशास्त्राच्या पेपरांत मागणीची वक्ररेषा नेहमीं पट्टीनें काढणारा. चहा आला, घरच्या चौकश्या झाल्या. मग त्यानें कागद पुढें केला. आठ लाख कर्ज, पांच वर्षें, साडेनऊ टक्के. "सर, तुमच्यासाठी सगळ्यांत चांगलं तेच लावलंय," तो म्हणाला, आणि तो खोटें बोलत आहे असें आम्हांला मुळींच वाटलें नाहीं.

भाचा म्हणाला, "पण माझा पगार जिथं जमा होतो ती बँक नऊ टक्क्यांनी देते आहे, मामा." अर्धा टक्का म्हणजे कांहींच नाहीं असें ऐकतांना वाटतें. हिशेब केला तर हप्त्यांत दरमहा सुमारें १९५ रुपयांचा फरक पडतो, आणि साठ हप्त्यांत तो साडेअकरा हजारांच्या वर जातो. आम्हीं त्या तरुणाला सरळ विचारलें, "या कर्जावर तुमच्या दुकानाला सावकाराकडून काय मिळतें?"

तो गोंधळला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "सर, पेआउट असतो. पण तो कुणाला सांगायचा नसतो. आणि खरं सांगू, आजवर कुणी विचारलंही नव्हतं." मग त्यानें आपल्या पोटाची गोष्ट सांगितली. पगार नांवाला, महिन्याला इतकीं कर्जें, इतके विमे, इतक्या वाढीव हमीपत्रांची विक्री, एवढें झालें तर वरची रक्कम. मागल्या महिन्यांत दोन कर्जें कमी पडलीं तर ती गेली. घरीं आई आजारी. बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावें तसें तो सांगत होता. भाच्यानें शेवटीं स्वतःच्या बँकेचेंच कर्ज घेतलें. तेव्हां दुकानानें आधीं कबूल केलेल्या सुटींतून सात हजार कमी केले, कारण ती सूट 'आमच्याकडून कर्ज घेतल्यास' होती असें आतां निघालें. म्हणजे लपविलेल्या दलालीचा कांहीं भाग सूट म्हणून ग्राहकालाच परत येत होता! येथें तत्त्वनिष्ठ मनुष्याची थोडी पंचाईत होते. तरीही साडेअकरांतून सात गेले तर साडेचार उरतात, आणि मुख्य म्हणजे तो हिशेब करतां आला तो दुसरा भाव हातांत होता म्हणून. ज्याला दुसरी बँक दारांत उभी करीत नाहीं, त्याला हा हिशेब कोण मांडून देणार?

आम्हां वैदर्भीयांना तरी ही गोष्ट नवी वाटूं नये. एके काळीं बाजारांत भाव रुमालाखालीं ठरत. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचीं बोटें दाबीत. शेजारीं उभ्या असलेल्या, मालाच्या खऱ्या धन्याला त्या बोटांनीं काय म्हटलें तें कळत नसे. गुरांच्या बाजारांत हा रुमाल अद्यापही दिसतो. कापसाच्या बाबतींत मात्र वऱ्हाडानें सर्व हिंदुस्थानाला वाट दाखविली. १८८६ सालीं हैद्राबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें कारंजा येथें देशांतला पहिला नियमबद्ध कापूस-बाजार स्थापन झाला. १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, दलाल आणि मापारी यांना परवाने लागले. यामागें कळवळा शेतकऱ्याचा कमी आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा अधिक होता, हें आम्ही विसरत नाहीं. तरी १९२८ सालीं शेतीविषयक रॉयल कमिशननें इतर प्रांतांना जो नमुना सुचविला तो वऱ्हाडचाच.

त्यापुढें अडत, हमाली, तोलाई हीं सारीं पट्टीवर लिहिलीं जाऊं लागलीं. अडत त्यामुळें कमी झाली असें नाहीं. पण जें लिहिलेलें असतें त्याच्याशीं भांडतां येतें. कळमन्याला संत्र्याची गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आपली अडत किती कापली हें पट्टीवर दिसे, म्हणून तर तो चिडे. आणि अशा वर्षांनुवर्षांच्या चिडीतूनच २०१६ च्या जुलैत फळें-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्य सरकारला करावा लागला. व्यापाऱ्यांनीं बाजार बंद ठेवले, गदारोळ झाला. होईना! तो गदारोळ उघड्यावर झाला. धोतर-टोपीतल्या शेतकऱ्याला जी पट्टी मिळते, ती इंग्रजींत सही करणाऱ्या आमच्यासारख्या मोटारवाल्याला मिळत नाहीं, हें मोठें मौजेचें आहे.

सर्वत्र असा अंधार आहे असेंही नाहीं. म्युच्युअल फंडांत पैसे गुंतविणाऱ्याला २०१६ च्या ऑक्टोबरापासून सहामाही पत्रकांत विक्रेत्याला दिलेलें कमिशन रुपयांत दाखवावें लागतें. कर्जाच्या बाबतींतही १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें प्रत्येक किरकोळ कर्जदाराला 'मुख्य तथ्य विवरण' द्यावें लागतें. त्यांत व्याज आहे, प्रक्रिया-शुल्क आहे, विम्याचे पैसे आहेत, सर्व मिळून वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के पडतात तेंही आहे. वसुलीसाठीं माणूस पाठविण्याच्या अटीचा उल्लेखसुद्धां आहे. कर्जदार सावकाराला काय देतो, हें त्यांत बारकाईनें आलें आहे. सावकार दुकानदाराला काय देतो, याचा रकाना तेवढा नाहीं.

हें विवरण आम्ही सध्यां वारंवार चाळतों त्याला कारण आहे. आमच्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेल्या एका शिपायाच्या मुलानें गेल्या वर्षीं टॅक्सीसाठीं गाडी घेतली. ती तो स्वतः चालवितो. घर तिच्यावर चालतें. बाप एके दिवशीं कागदांची पिशवी घेऊन आला. कर्जाच्या रकमेंत गाडीची किंमत, विमा आणि नोंदणी यांखेरीज 'इतर' या नांवाखालीं चौदा हजार होते. हे कशाचे, हें मुलाला ठाऊक नव्हतें. दुकानानें सावकाराकडे बोट दाखविलें आणि सावकारानें दुकानाकडे. "साहेब, पैशाचं जाऊ द्या," म्हातारा म्हणाला, "पण पोरगं रात्री दोन दोन वाजेपर्यंत गाडी चालवते. कशासाठी चालवते ते तर कळू द्या."

आम्हीं त्याच्या मुलाच्या नांवानें अर्ज लिहून दिला. दोनच प्रश्न विचारले: 'इतर' म्हणजे काय, आणि या कर्जाबद्दल दुकानदारास किती रक्कम दिली. ग्राहक-आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, तिच्यापैकीं चौदा महिने शिल्लक आहेत. त्याआधीं सावकाराला उत्तरासाठीं तीस दिवस द्यावयाचे. उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते. अर्जाची पोंच मिळाली आहे. आज अठरावा दिवस.