पारण्याचा दिवस

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उपहासानेच वापरली जाते. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याच्या गोड फोडी, एवढे उपवासाच्या नावाखाली रिचवणाऱ्याची थट्टा व्हावी हे रास्तच आहे. परंतु गेल्या वर्षापासून या म्हणीकडे मी जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे. त्याला कारण माझा भाचा.

तो सणसवाडीतल्या एका कारखान्यात प्रेसवर तिन्ही पाळ्यांत काम करतो. शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचे म्हणून अंगावरची उरलीसुरली चरबी झडवण्याच्या मागे तो लागला होता. पहिले दोन महिने उत्तम गेले. नवव्या आठवड्यात रात्रपाळीहून परतल्यावर झोप लागेना, भर उन्हात हात गार पडू लागले, महिन्यापूर्वी लीलया उचललेले वजन हलेना. यंत्रासमोर लक्ष ठरत नाही, हे त्याने आईला नव्हे, मला सांगितले. प्रेसवर लक्ष उडाले तर काय होते, हे या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मी म्हणालो, "आठवड्यातला एक दिवस ठरवून जास्त खा." तो म्हणाला, "मामा, सहा दिवसांची मेहनत पाण्यात जाईल."

हिशेब मांडून पाहू. ज्याला वजन आहे तेवढे राखायला 2500 कॅलरी लागतात आणि जो 2000 खातो, त्याची सहा दिवसांत 3000 ची तूट होते. सातव्या दिवशी त्याने 2500 खाल्ल्या तर त्या एका दिवसाची तूट तेवढी बुडते. जमा झालेली शाबूत राहते. पण 'आज सूट आहे' म्हणून साडेपाच हजार रिचवल्या, तर सगळेच पाण्यात! दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलोने वर जातो, त्याने घाबरू नये. शरीरात साठणारी ग्लायकोजेनरूपी साखर आपल्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी धरून ठेवते. एक किलो चरबी चढायला साधारण 7700 कॅलरी जादा लागतात. एका जेवणाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

जिममध्ये याचे समर्थन लेप्टिनच्या नावाने होते. 1994 साली सापडलेले हे तृप्तीचे संप्रेरक खाणे घटताच झपाट्याने उतरते, पिष्टमय अन्न वाढवले की वर येते, आणि पुन्हा उपासमार सुरू होताच उतरते. म्हणजे एका दिवसाने चयापचय 'पेटतो' हे फारसे खरे नाही. 2017 च्या 'मॅटाडोर' अभ्यासात दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे विश्रांती घेणाऱ्या स्थूल पुरुषांचे वजन सलग आहार करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले. मात्र 2021 च्या 'आइसकॅप' मध्ये, व्यायामाची सवय असलेल्या लोकांत, अशा खंडांमुळे चरबी अधिक घटली नाही. भूक तेवढी कमी छळली. माझ्या मते हेही थोडे नाही.

मग असा दिवस केव्हा घ्यावा? पोट भरपूर सुटलेल्या माझ्यासारख्याला घाई नाही, पंधरवड्यातून एकदा पुरे. जो आधीच सडसडीत आहे त्याला आठवड्यातून एकदा, क्वचित दोनदा. शक्यतो अवघड व्यायामाच्या दिवशी. वाढवायचे ते भात, भाकरी, रताळी, केळी. प्रथिने तेवढीच, तेल-तूप कमी. (खिचडी इथेच नापास होते. साबुदाण्याला माझी हरकत नाही, दाण्याच्या कुटाला आहे.)

पंधरवडा म्हटले की एकादशी आठवतेच. पण मला महत्त्वाची वाटते ती द्वादशी. पारणे कधी फेडायचे हे पंचांगात आधीच छापलेले असते, जिभेला कोणी विचारत नाही. वासना झाली म्हणून खाणे आणि तिथी आली म्हणून खाणे यांत ताटातला पदार्थ एकच असला तरी फरक आहे. पहिल्यानंतर माणूस स्वतःला कोसत दुसरे ताट घेतो. दुसऱ्यानंतर हात धुऊन उठतो.

भाच्याने कॅलेंडरवर खुणा केल्या. पहिल्या दिवशी तो सलग सात तास झोपला. अडचण उरली ती रात्रपाळीची, तेव्हा 'दिवस' कोठून कोठवर धरायचा? मध्यरात्रीपासून धरला तर एकाच पाळीत दोन दिवस येतात. शेवटी उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत असे ठरले. बहिणीला ते चटकन पटले. तिची तिथीही घड्याळाच्या बारा ठोक्यांवर बदलत नाही. आता पाळी बदलते त्या दिवशी तो भाताचा डबा मोठा नेतो.