सांधा बदलताना

चंद्रपूरहून पडघ्याला एक वीजवाहिनी येते. लांबी ७५२ किलोमीटर, दाब ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॉट. १९९९ पासून ती चालू आहे. चंद्रपूरच्या जनित्रातून निघते ती प्रत्यावर्ती वीज. तिथल्याच केंद्रात तिची एकदिश वीज होते, महाराष्ट्राची रुंदी ती त्याच रूपात ओलांडते आणि पडघ्याला पुन्हा प्रत्यावर्ती होऊन पुढे जाते. इतक्या लांबच्या पल्ल्यात एकदिश विजेची गळती कमी, म्हणून हा खटाटोप. पण या रूपांतराचा पत्ता चंद्रपूरच्या जनित्राला नसतो आणि ठाण्यातल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाही नसतो. दोघेही आपापल्या जुन्या पद्धतीने चालतात. जे बदलायचे ते मधल्या दोन जागी बदलते. मुंबई-नाशिक महामार्गावरून जाणाऱ्याला पडघ्याच्या परिसरात गोदामे आणि ट्रकांच्या रांगा दिसतात. भिवंडी तालुक्यातले हे गाव विजेचा सांधा बदलण्याची जागा आहे, हे गाडीच्या काचेतून कळत नाही.

जुन्या यंत्राचे नवे यंत्र कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पडघ्याचे हे केंद्र उपयोगी वाटते. यंत्र म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधले कपाटाएवढे मशीन. नाणे किंवा टोकन टाकायचे, उभ्याने दांडी धरायची, बटणे बडवायची. मराठीत त्याला धड नावही पडले नाही. ‘गेमचे मशीन’ एवढ्यावरच भागले. पार्लरे बंद झाली तशी ही मशिने भंगारात गेली, काही मागच्या खोल्यांत धूळ खात राहिली. अशी एखादी पेटी हाती लागली की हौशी माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो तिच्यात एकाऐवजी साठ, शंभर, हजार खेळ बसवण्याचा. तळहाताएवढा संगणक किंवा बाजारात तयार मिळणारा अनेक खेळांचा बोर्ड आत टाकला की काम झाले. हे करावे की करू नये, यावर हौशी मंडळींत कडाक्याचे मतभेद आहेत. माझे म्हणणे असे की जरूर करावे, मात्र बदल सांध्यावर करावा. रेल्वेची गाडी सांधा बदलते तेव्हा रूळ कापावे लागत नाहीत, डबेही मोडावे लागत नाहीत. गाडी दुसऱ्या वाटेला लागते आणि गरज पडली तर परत आणता येते.

पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ज्या खेळासाठी पेटी जन्माला आली तोच खेळ तिच्यात राहावा, बाकी सारी विटंबना, असे ते म्हणतात. त्यांची कळकळ खरी आहे, पण या यंत्रांचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. निंटेंडो कंपनीचा ‘रडार स्कोप’ हा खेळ अमेरिकेत पडला आणि पाठवलेल्या सुमारे ३,००० पेट्यांपैकी २,००० च्या आसपास पेट्या खपेनात. त्या फेकण्याऐवजी आतला खेळ बदलायचे ठरले, आणि १९८१ मध्ये त्याच पेट्यांतून ‘डाँकी काँग’ बाहेर पडला. तो रचणाऱ्या शिगेरू मियामोतो यांचे नाव जगाला कळले ते या खेळामुळे. ‘मिस पॅकमॅन’चा उगमही दुसऱ्या खेळाच्या यंत्रावर चढवण्यासाठी तयार केलेल्या बदल-संचात आहे. पुढे १९८५ मध्ये जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने, जॅमाने, पेटी आणि बोर्ड यांच्यामधला जोड ठरवून टाकला. ५६ टोकांचा एक कनेक्टर. कोणत्या टोकाला वीज, कोणत्याला चित्राचे रंग, कोणत्याला आवाज, कोणत्याला पहिल्या खेळाडूची दांडी, हे सगळे पक्के. त्यानंतर पार्लरवाल्याला नवा खेळ आणायला नवी पेटी घ्यावी लागली नाही. जुना बोर्ड ओढून काढायचा, नवा खोचायचा. एसएनके कंपनीच्या १९९० च्या निओ जिओमध्ये तर एकाच पेटीत सहापर्यंत खेळांच्या काडतुसांची सोय होती. म्हणजे एका पेटीत अनेक खेळ ही कल्पना भेसळ करणाऱ्यांची नाही, ती कारखान्यातूनच आलेली आहे. ज्या वस्तूच्या घडणीतच बदलाची जागा राखून ठेवलेली असते, तिच्यात बदल करणे म्हणजे तिचा अपमान कसा?

शुद्धतावाद्यांना आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. मूळ बोर्ड अमर नसतो. कॅपकॉमच्या १९९३ साली आलेल्या सीपीएस-२ बोर्डांवर एक बॅटरी असते आणि खेळाच्या कुलपाची किल्ली तिच्या जोरावर स्मृतीत टिकून राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुका होतो. नकला होऊ नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था कालांतराने अस्सल बोर्डांच्याच मुळावर आली. अशा वेळी मूळ खेळ जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे? इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ च्या फेब्रुवारीत ‘मेम’ ही प्रणाली लोकांपुढे ठेवली, तिच्यामागे हाच प्रश्न होता. जुन्या यंत्राच्या आतला प्रत्येक व्यवहार संगणकाने हुबेहूब वठवायचा आणि त्यातून ते यंत्र कसे चालत होते याची नोंद ठेवायची. आज जुनी पेटी अनेक खेळांची करणारे बहुतेक जण याच कामाच्या खांद्यावर उभे आहेत. त्यांनी निदान त्यातला नोंद ठेवण्याचा धर्म तरी पाळावा.

हा युक्तिवाद आपल्या मुलखाला परका नाही. भिवंडीचा यंत्रमाग उभा राहिला तोच मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेल्या, हातोहात विकल्या गेलेल्या मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचे काम भिवंडीकडे अधिकच वळले. या जुन्या मागांचे भिवंडीने काय केले? त्यांचा सांगाडा तसाच ठेवला आणि वरून हवे ते जोडले. साध्या मागावर डॉबी चढवली की साध्या कापडाऐवजी नक्षीची किनार निघते. जकार्ड चढवले की वेलबुट्टी. केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच सुरू झाली. तिच्यातला एक भाग साध्या मागांना जागच्या जागी सुधारण्याचा होता. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी जोडणी, बाण्यासाठी तशीच दुसरी, शिवाय चांगला ब्रेक. माग तोच, धोटा तोच, विणणारा तोच. फक्त नेमक्या ठिकाणी भर पडली. तोच माग फोडून भंगारात घातला असता तर लोखंडाचा भाव तेवढा मिळाला असता. ज्या तालुक्याने हे व्यवहारज्ञान कमावले, त्याला जुन्या गेमच्या पेटीबद्दल वेगळे शिकवायची गरज पडू नये.

तरीही पेट्यांची वाट लागते ती करवतीमुळे. पिक्चर ट्यूब काढून तिथे सपाट पडदा बसवायचा, तो मावत नाही म्हणून पुढची फळी कापायची, सहा बटणांचे खेळ चालावेत म्हणून दांडीच्या फळीला भसाभस भोके पाडायची, वर रंग मारायचा. या कामात उलटवता येईल असे काहीच उरत नाही. शिवाय त्यातून खेळही धड मिळत नाही. ‘पॅकमॅन’चे चित्र उभे असते, ट्यूब आडवी झोपवावी तशी फिरवून बसवलेली, ‘स्ट्रीट फायटर’चे आडवे. ‘पॅकमॅन’ला चार दिशांची दांडी लागते, आठ दिशांच्या दांडीवर तो खेळला तर वळणावर दांडी तिरकी जाते आणि भूत गाठते. ‘मिसाइल कमांड’ला दांडी चालतच नाही, तिथे तळहाताखाली फिरणारा गोळा हवा. मारामारीच्या काही खेळांना प्रत्येक खेळाडूला सहा बटणे हवीत. जॅमाच्या मूळ ठरावात तेवढी नसल्यामुळे ‘स्ट्रीट फायटर २’ने १९९१ मध्ये वेगळी जादा जोडणी मागितली. हजार खेळांचा बोर्ड हे सगळे एकाच फळीवर रेटू पाहतो, तेव्हा त्यातले बहुतेक खेळ लंगडतात. म्हणून खेळ निवडताना आधी पेटीला विचारावे. तिचा पडदा उभा की आडवा, दांडी चार दिशांची की आठ, बटणे किती, हे पाहून जे खेळ तिच्या अंगाला बसतात तेवढेच आत घ्यावेत. पंधरा-वीस निघाले तरी पुष्कळ झाले. ट्यूब जिवंत असेल तर ती ठेवावी, पण तिच्याशी लगट करू नये; तिच्यावर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो बराच वेळ दबा धरून बसतो. ते काम जाणत्या टीव्ही मेकॅनिकचेच.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हे सगळे खेळ खिशातल्या फोनवर चालतात. मग एवढे धूड जपायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण धूड हेच इथे उत्तर आहे. फोनवरचा खेळ एकट्याचा असतो, मान खाली घालून खेळायचा. पेटीसमोर दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, मागे चार जण बघत असतात, पुढचा नंबर कोणाचा यावरून वाद होतात. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ या खेळाला आपल्याकडच्या मुलांनी त्याचे नाव बाजूला सारून त्यातल्या पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हटले. अशी नावे घोळक्यात पडतात. हा घोळका धरून ठेवण्याचे काम लाकडाची पेटी करते, आतला बोर्ड नाही. भंगाराचा हिशेबही आहेच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी व्हिडिओ गेम आणि नाणे टाकून चालणारी यंत्रे यादीत घेतली आहेत, आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. जी वस्तू टाकायची म्हटली तरी जबाबदारीने टाकावी लागते, ती आधी आणखी काही वर्षे वापरून पाहणे शहाणपणाचे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांधा हीच कोणत्याही व्यवस्थेतली सर्वांत नाजूक जागा असते. पडघाच त्याला साक्षी आहे: १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर बिघाड झाला, मुंबई महानगराच्या मोठ्या भागाची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मग सगळा बदल सांध्यावर ढकलणे म्हणजे सगळा धोका एका जागी गोळा करणे नव्हे काय? आहेच. पण बिघाड कुठे शोधायचा हे ठाऊक असणे ही दुरुस्तीची निम्मी लढाई असते. जोडणी नीट असेल, तारांना खुणा असतील, वीजपुरवठ्याचा दाब मोजून घेतलेला असेल, तर रुसलेली पेटी संध्याकाळपर्यंत उठून बसते. करवत फिरलेल्या पेटीत मात्र बिघाड शोधायचा कुठे हाच प्रश्न पडतो, कारण तिथे प्रत्येक जागा नवी आणि प्रत्येक जागा तात्पुरती असते.

याच सांध्यावर कायदाही उभा आहे. बाजारात मिळणाऱ्या साठ-शंभर खेळांच्या बोर्डांतले बहुतेक खेळ मालकांच्या परवानगीविना भरलेले असतात. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा संगणक प्रणालीच्या रीतसर धारकाला राखीव प्रत करू देतो. दुसऱ्याचा खेळ फुकट वाटण्याची मुभा त्यात नाही. मेम प्रणाली कायदेशीर आहे म्हणून तिच्यात घातलेला प्रत्येक खेळ कायदेशीर ठरत नाही. ‘रॉबी रोटो’, ‘ग्रिडली’ असे मोजके खेळ त्यांच्या मालकांनी बिगर-व्यापारी वापरासाठी मोकळे केले आहेत. बाकीच्यांसाठी अस्सल बोर्ड किंवा अधिकृत संच विकत घ्यावे लागतात. पेटी घराबाहेर ठेवून पैसे घ्यायचे म्हटले तर आणखी एक दार ओलांडावे लागते. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा अधिकार उचलून धरला, कारण कौशल्याच्या खेळांच्या गर्दीत नशिबाचा खेळ सहज मिसळून जातो. हजार खेळांच्या यादीत काय काय दडले आहे हे खुद्द मालकालाही ठाऊक नसते. वीस खेळांची यादी मात्र पेटीच्या कपाळावर लिहून ठेवता येते, आणि ज्याला विचारायचे त्याला ती वाचून दाखवता येते. पेटीच्या अंगाला बसतील तेवढेच खेळ घेण्याचा आग्रह इथे कायद्याच्या बाजूनेही पुरा पडतो.

तेव्हा अशी एखादी पेटी उद्या पडघ्याच्या कुठल्या गोदामाच्या कोपऱ्यात सापडली, तर तिचे काय करावे? लाकूड पुसावे, वाळवी पाहावी, मूळ बटणे आणि दांड्या उकलून साफ करून परत बसवाव्यात. नवा बोर्ड जुन्याच कनेक्टरला लावावा. मध्ये अडॅप्टर लागला तर तो लावावा, तार कापू नये. मग मूळ बोर्ड, चालत असो वा नसो, पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळून पेटीच्याच तळाशी ठेवावा. सोबत एक वही: कोणत्या टोकाला कोणती तार होती, आपण काय जोडले, कोणत्या तारखेला जोडले. आणखी तीस वर्षांनी कोणीतरी मागचे दार उघडेल, तेव्हा आपली कारागिरी त्याला आवडेलच असे नाही. आवडली नाही तर वहीत बघून तासाभरात ती काढून टाकता आली पाहिजे.