पायदळाचा थकवा

युद्धपट म्हटला की तोफांचा गडगडाट, फडकणारी निशाणे आणि शेवटच्या रिळात हटकून मिळणारा विजय एवढ्या सामग्रीवर आपले सहसा समाधान होते. परंतु विल्यम वेलमन यांचा १९४५ सालचा ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ पाहू लागावे, तर शत्रू क्वचितच दृष्टीस पडतो आणि पडद्यावर अखंड वावरतो तो शिपायांचा थकवा. एर्नी पाइल या युद्धवार्ताहराच्या बातमीपत्रांवर आधारलेल्या या कथेत इटलीच्या चिखलात रुतून पडलेली एक पलटण आहे. तिच्यातल्या एका सार्जंटला घरून मुलाच्या आवाजाची तबकडी आलेली असते आणि ती वाजवण्यापुरते यंत्र कोठे मिळेल या विवंचनेत तो बिचारा लढाईच्या धामधुमीतही वणवण करीत राहतो. अखेर तो बालस्वर कानी पडतो आणि इतके दिवस गोळ्यांना पुरून उरलेल्या त्या माणसाचे भान सुटते.

त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही झुंजत होत्या. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सारे साथीदार पडल्यावर, एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच कामी आले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एका जखमीस वाहून आणले, पुन्हा माघारी जाऊन दुसऱ्यास आणले, आणि त्यानंतर शत्रूची ठाणी निकालात काढली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र मानपत्रात दर्ज होतो तो पराक्रमाचा अर्धा-एक तास. त्याआधीचे भिजलेले बूट, अपुरी झोप आणि घरच्या पत्राची प्रतीक्षा यांची नोंद ठेवण्याचा सरकारी शिरस्ता नाही.

आम्हां पुण्याच्या सदाशिव पेठकरांना हे उमजावयास हवे. ज्यांचे नाव ही पेठ मिरवते ते सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. परंतु त्या दिवशीच्या रणकंदनापूर्वी रसद तुटलेल्या फौजेने कित्येक आठवडे उपासमार सोसली होती, आणि भाऊंच्या बाजूने लढणारे इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती पायदळ, त्या हलाखीतूनच उठून शत्रुपक्षातील रोहिल्यांवर तुटून पडले. याच पेठेतील, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुन्या कागदांची दफ्तरे जतन केलेली आहेत. अशा जुन्या पत्रांत स्वाऱ्यांइतकाच दाणावैरणीचा आणि कर्जाचा घोर भरलेला असतो, हे ती चाळणारास ठाऊक आहे. तरीही वाड्यावाड्यांतून आपण सांगत आलो ते सेनापतींचे रुसवेफुगवे आणि व्यूहांच्या चुका.

शौर्य हे क्षणाचे असते. त्या क्षणापर्यंत देहाला उभे ठेवणारी चिकाटी महिनोन्‌महिने खर्ची पडते, आणि तिचे मोल तिऱ्हाइताला दाखविण्याचे सामर्थ्य चित्रपटाइतके अन्य माध्यमात क्वचितच असेल. घाडगे-जाधवांच्या पलटणींची इटलीतील वाटचाल एखाद्या मराठी दिग्दर्शकाने मनावर घ्यावी. मात्र तीत जयघोष एकदाच ऐकू यावा आणि पायपीट अखेरपर्यंत दिसावी.