मुक्तछंद

निवृत्त माणसाला सगळे जग एकच प्रश्न विचारते : "मग, आता वेळ कसा घालवता?" जणू वेळ म्हणजे घरात शिरलेले शेजाऱ्यांचे मांजर, त्याला काहीतरी युक्ती करून बाहेर घालवायलाच हवे! प्रश्नामागोमाग सल्लाही ठरलेला असतो : "एखादा छंद लावून घ्या."

मी मराठी शिकवते. त्यामुळे शब्द दिसला की तो उलटापालटा करून पाहण्याची खोड मला जडली आहे. 'निवृत्त' या शब्दात 'वृत्त' दडलेले आहे, ही गंमत मला वर्गात शिकवता शिकवताच दिसली. पस्तीस-छत्तीस वर्षे माणूस वृत्तात जगतो. ठरलेले गण, ठरलेली यती, दहाच्या ठोक्याला ऱ्हस्व आणि साडेपाचला दीर्घ. मग एका महिनाअखेरीला हार, नारळ आणि शाल देऊन त्याला वृत्तातून मोकळे करतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याने मुक्तछंदात जगावे अशी अपेक्षा धरतात. मुक्तछंद सोपा असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तो कधी लिहून पाहिलेला नसतो.

माझा मामा टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्यापाशी छंद होता. टपालाचे शिक्के जमवण्याचा. लोक तिकिटे जमवतात. मामा तिकिटावर उमटलेला गावाचा आणि तारखेचा शिक्का पाहतो. "तिकीट सरकार छापतं, बाय," तो मला म्हणायचा, "शिक्का मात्र कुणीतरी हाताने मारलेला असतो." निवृत्तीनंतर त्याने सगळे शिक्के वह्यांत लावले. त्याला पाच महिने लागले. मग तो दिवसातून चार वेळा चहा मागू लागला.

मामीला मात्र "वेळ कसा घालवतेस" असे कुणीही विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हतेच. मामा निवृत्त झाला आणि मामीचे काम वाढले, एवढाच काय तो फरक. छत्तीस वर्षे ती त्याच ओट्यापाशी उभी होती. तिला हार नाही, नारळ नाही. छंद कोणता म्हणून कुणी विचारलेच असते, तर ती म्हणाली असती, "मला मेलीला कुठला छंद!"

अशा स्थितीत २०२३ सालच्या कार्तिकी एकादशीनंतर ही दोघे नर्मदेच्या परिक्रमेला निघाली. पायी.

परिक्रमेविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून आपण ती पुस्तकांतून करीतच आलो आहोत. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तीर धरून अडीच हजारांच्या वर चाल. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. मुखापाशी मात्र समुद्रातून होडीने पलीकडच्या तीराला जायचे. मिळेल तो शिधा घ्यायचा, संग्रह करायचा नाही. हे झाले नियम. पण नियमांच्या मधल्या रिकाम्या जागेत माणसे रोज काय करतात, हे पुस्तकांत थोडे आणि मामाच्या पत्रांत फार होते.

हो, पत्रेच. मामापाशी मोबाइल होता; पण वाटेवरच्या प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का मिळवायचा, तर कार्ड टाकायलाच हवे. म्हणून त्याने कार्डांचा एक गठ्ठा बरोबर घेतला होता आणि पत्ता माझा. छंद त्याचा, आणि लाभ माझा.

पहिली कार्डे मी अपेक्षिली होती तशीच आली. आज चौदा किलोमीटर, काल बारा. घाट सुंदर आहे. एका कार्डात हयातीच्या दाखल्याची हकीकत होती. निवृत्तिवेतन चालू राहायचे तर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आता तो मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो. मामाने लिहिले होते : 'नर्मदेकडे पाठ करून वडाखाली उभा राहिलो आणि सरकारला तोंड दाखवले. तिसऱ्या खेपेस सरकारला पटले. तुझी मामी म्हणाली, मला कुणी विचारीत नाही जिवंत आहेस का म्हणून.'

त्यापुढचे कार्ड निराळे होते. त्यात किलोमीटर नव्हते. 'कणकेत पाणी आधी थोडे घालावे. एकदम घालू नये. एकदम घातल्यास काय होते ते कळले.'

झाले होते असे. निघाल्यावर पहिल्याच मुक्कामी शिधा मिळाला. पीठ, डाळ, मीठ, मिरच्या, चार गोवऱ्या. मामाने सवयीने वळकटीला पाठ टेकली आणि चुलीकडे पाहू लागला. मामीनेही वळकटीला पाठ टेकली. थोड्या वेळाने तिने शांतपणे सांगितले, "अहो, घर सोडलं म्हणजे स्वयंपाकघरही सोडलं. परिक्रमा दोघांची आहे. आज तुम्ही, उद्या मी." मामा हसला. मामी हसली नाही. त्या रात्री दोघांनी बाहेरून करपलेले आणि आतून कच्चे असे काहीतरी डाळीत बुडवून खाल्ले. मामी एक अक्षर बोलली नाही. तिने दुसरे मागून घेतले.

फेब्रुवारीत मी रजा काढून महेश्वरला गेले आणि त्यांच्याबरोबर पाच दिवस बडवाहपर्यंत चालले. तोवर ती दोघे दक्षिण तीराने समुद्र गाठून उत्तर तीराने परत येत होती. अहिल्याबाईंच्या घाटावर मला मामा दिसला, तेव्हा तो मामीचे लुगडे पिळत होता. एक टोक त्याच्या हातात, एक मामीच्या. माझ्या आजोळी पुरुषाच्या हाती बायकांचे ओले कपडे मी तोवर पाहिले नव्हते. पाण्यात साबण न्यायचा नाही, म्हणून बादली काठापासून दूर नेलेली. निम्मे वाळलेले लुगडे मग मामाच्या पाठपिशवीवर पसरले, आणि चालता चालता वाळवण झाले. वाटेवर सगळ्याच परिक्रमावासींच्या पाठीवर अशी वाळणारी धोतरे आणि लुगडी मला दिसली.

त्या पाच दिवसांत मला एक गोष्ट उमगली. घरी कामे लवकर उरकतात आणि मग वेळ उरतो. वाटेवर कामच वेळ घेते. पाणी आणायला घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, चढायच्या. गोवरी पेटेपर्यंत फुंकायचे. चपलेचा अंगठा तुटला तर सुतळीने शिवायचा. मोबाइलला वीज कुठे मिळेल ते विचारीत गावात फिरायचे, आणि ज्या घरी ती मिळेल तिथे अर्धा तास बसून सुखदुःखे ऐकायची. त्या अर्ध्या तासाला काम म्हणायचे की छंद, हे मला ठरवता येईना.

आणखी एक काम होते. त्याला नाव नाही. घेणे. मामीने जन्मभर दुसऱ्यांना वाढले होते. एका पाड्यात एका म्हातारीने स्वतःच्या कोठीतले पीठ काढून पदरात घातले, तेव्हा पहिल्यांदा मामीचे हात पुढे होईनात, असे मामाने सांगितले. त्या घरात कोठी कितीशी भरलेली असणार ते दिसतच होते. 'नर्मदे हर' म्हणून पदर पसरायला तिला कणीक मळण्यापेक्षा अवघड गेले. निवृत्तिवेतन खात्यात जमा होत असताना गरिबाचे पीठ घेणारा मामाही त्या वेळी म्हणे चपलेकडे पाहत उभा होता.

मामीला छंद लागला होता, हे माझ्या दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. पहाटे स्नान झाले की ती काठावरचा एक गोटा उचलायची. रोज निराळा. कधी अंड्याएवढा, कधी सुपारीएवढा, पोटावर पांढरी रेघ असलेला. दिवसभर चालताना तो तिच्या मुठीत असायचा. संध्याकाळी मुक्कामाच्या घाटावर ती तो पुन्हा पाण्यात सोडून द्यायची.

"ठेवत का नाहीस गं एखादा?" मी विचारले.

"ठेवून काय करू? वजन होतं. आणि घरी नेऊन पुसत कोण बसणार?"

आपल्याकडे कोरड्या, कशाचाच परिणाम न होणाऱ्या माणसाला नर्मदेतला गोटा म्हणतात. मामीच्या मुठीतून तो मी एकदा हातात घेऊन पाहिला. चांगला ऊबदार होता.

मामाच्या आणि मामीच्या छंदांत हा फरक होता. मामाचे शिक्के माझ्या पत्त्यावर जमा होत होते; मामीचे गोटे कुठेच जमा होत नव्हते. ज्याला कपाट लागत नाही असा छंद मी प्रथमच पाहिला.

मी परत आले. पळस फुलून गेला, मोहाची फुले पडू लागली, आणि कार्डे येत राहिली. वाट पूर्वीची राहिलेली नव्हती. इंदिरासागरच्या पाण्याने २००४ साली हरसूदसारखे सबंध गाव बुडाले. २०१७ साली सरदार सरोवर भरायला लागल्यावर जुने घाट आणि पायवाटा पाण्याखाली गेल्या. काठ धरून चालायचा नियम, आणि काठच जागचा हललेला! मामाने लिहिले होते : 'वाट विचारणे हे रोजचे मोठे काम आहे. ते काम तुझी मामी करते. मी विचारले तर लोक रस्ता सांगतात. तिने विचारले तर घरात बोलावतात.'

एप्रिलमधले एक कार्ड मामीचे होते. तिचे हे एकच. अमरकंटकच्या अलीकडे, दिंडोरीच्या बाजूला एका गोंड बाईने त्यांना दुपारी खायला दिले. पातळसर, कुटकीचे. मामीने नाव विचारले, तर ती बाई म्हणाली, "पेज." मालवणात वाढलेल्या मामीने लिहिले होते : 'हजार कोसांवर माझ्या आईचा शब्द. तांदळाची नव्हती, पण पेजच. मी दोनदा मागून घेतली. आता मागायची लाज वाटत नाही.'

जूनच्या आरंभी ओंकारेश्वरला परिक्रमा पुरी झाली. शेवटी शिऱ्याची कढई करून कन्यांना जेवू घालतात. कढई मामाने केली.

आणि मग ती दोघे ठाण्याच्या घरी परतली. खरी परीक्षा तिथे होती. वाटेवर सगळेच वेगळे वागतात. सहलीला गेलेला पुरुषही भांडी विसळतो. घरी ओटा जागच्या जागी होता, गॅस होता, आणि मामाची आरामखुर्चीही होती. पहिल्या दिवशी मामीने स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आज तुमचा दिवस."

मामाने परात काढली.

माझ्या मामेभावाला हे रुचले नाही. "आई, बाबांना या वयात कशाला?" असे तो म्हणाला. मामी मामापेक्षा अवघी चार वर्षांनी लहान आहे, हे त्याला आठवण करून द्यावे लागले. शेजारीपाजारीही कुजबुजले. मामाच्या पोळ्या अजून टिक्कडासारख्याच होतात. पण त्या तो मन लावून करतो, आणि पीठ कोणत्या गिरणीचे बरे यावर शिक्क्यांइतक्याच आस्थेने बोलतो. मामी आपल्या वाराला कधी पेज करते, कधी गाणे म्हणत नुसती खिचडी टाकते. छत्तीस वर्षांत तिला ओट्यापाशी गाताना मी ऐकले नव्हते. तिच्या सुट्टीच्या दिवशी फोन केला तर ती घरी सापडत नाही. "कुठे गेलीय?" म्हणून विचारले, तर मामा म्हणतो, "चालायला. आणि कधी येणार ते विचारायचं नाही असं ठरलंय."

काम आणि छंद यांत फरक कोणता, यावर मी आता माझ्यापुरते एक उत्तर काढले आहे. कणीक तीच, परात तीच. जी रोज मलाच मळायची आहे, आजही, उद्याही, मरेपर्यंत, ती कणीक म्हणजे काम. जी आज मी आणि उद्या तू, ती कणीक म्हणजे छंद. कष्ट कणकेत नसतात. 'मलाच' या शब्दातल्या त्या 'च'मध्ये असतात.

हे उत्तर घेऊन प्रत्येकाने अडीच हजार किलोमीटर चालावे, असे माझे म्हणणे नाही. चालणे सर्वांना झेपणार नाही. रजाही मिळणार नाही. पण निवृत्त होणाऱ्याला शाल देताना, ती कुणा दोघांच्या खांद्यांवर पुरेल एवढी रुंद आहे का, हे एकदा पाहायला हरकत नाही. माझ्या निवृत्तीला अजून पंधरा-सोळा वर्षे आहेत. आमच्या घरात चहा मात्र सध्या एक दिवसाआड मी करते. उरलेल्या दिवशी तो थोडा पांचट असतो. मी दुसरा कप मागून घेते.