तीन कुलपं

दक्षिण लेबनॉनमध्ये नकुरा इथे युनिफिलचं मुख्यालय आहे. आमच्या बटालियनमधून तिकडे कामासाठी जाणं व्हायचं. तिथेच एका आयरिश सार्जंटची ओळख झाली. एकदा चहा पिताना त्याने विचारलं, "तुम्हाला इथे पाठवायला तुमच्या संसदेत किती मतं पडली?"

मला हसू आलं. म्हटलं, आमच्याकडे मूव्हमेंट ऑर्डर येते, मतदान होत नाही.

आयर्लंड तटस्थ देश. नाटोत नाही. बारापेक्षा जास्त सशस्त्र सैनिक शांतिमोहिमेवर परदेशी पाठवायचे तर तिथे तीन कुलपं उघडावी लागतात: संयुक्त राष्ट्रांची मंजुरी, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा, म्हणजे डॉलचा, होकार. याची किंमतही ते मोजतात. 2003 साली मॅसेडोनियातल्या युरोपीय मोहिमेला संयुक्त राष्ट्रांची रीतसर मंजुरी नव्हती, म्हणून आयरिश जवान घरीच राहिले. सुरक्षा परिषदेतल्या एका नकाराधिकाराने आपली फौज का अडावी, असं म्हणत 2025 मध्ये तिथल्या सरकारने पहिलं कुलूप काढायचा प्रस्ताव आणला. तटस्थता सैल होईल, असं विरोधक म्हणतात. पण डॉलचं कुलूप सरकारनेही राहू दिलं आहे.

आपल्या राज्यघटनेत अशी सक्ती नाही. जुलै 1987 मध्ये श्रीलंकेशी करार झाला आणि लगोलग आपल्या तुकड्या जाफन्यात उतरल्या. मार्च 1990 पर्यंत सुमारे 1,200 जवान गेले. मी रंगरूट असताना आमचे एक सुभेदारसाहेब तिथून आलेले होते. ते म्हणायचे, "लढायचं दुःख नाही रे. परत आल्यावर 'आम्ही पाठवलं होतं' म्हणणारं कुणी भेटलं नाही."

मतदानाने गोळी थांबत नाही. लेबनॉनमध्येच आयर्लंडने चाळीसहून अधिक जवान गमावलेत. तातडीच्या वेळी चर्चेला सवड नसते, हेही खरं. पण शांतिसेना काही रातोरात निघत नाही. तेवढ्या दिवसांत खासदारांनी हात वर केला, तर पाठवणाऱ्यांची नावं कागदावर राहतील.

हुकूम आला की आपण निघणारच. तो आपला धर्म. सुभेदारसाहेब आता नाहीत. सार्जंटचा प्रश्न मात्र मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.