माळ आणि खुराडं

माझं सासर अमळनेर तालुक्यात. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्या यात्रेतच काही वर्षांपूर्वी मी गळ्यात माळ घातली. प्रसन्न मनानं घरी आले, तर अंगणात सासूबाईंच्या अकरा कोंबड्या आणि त्यांतल्या एकीच्या मागे नऊ पिल्लं. शेजारची जाऊ दारातूनच म्हणाली, "माळ घाली ना तू? मंग या कोंबड्या कसाले?"

तिचं बोलणं मनाला लागलं. आमच्या गावात दर बुधवारी मोटारसायकलला जाळीचा पिंजरा बांधून एक कोंबडीवाला येतो. येत्या बुधवारी सगळ्या देऊन टाकायच्या, असं मी ठरवलं. कोंबड्या सासूबाईंच्या, त्यांना माळ नाही. तरी त्यांनी विरोध केला नाही. "तुझी माळ मोठी," एवढंच म्हणाल्या आणि उठून खुराडं झाडायला गेल्या.

सोमवारी दुपारी मुंगूस अंगणात शिरलं. आम्ही काठी घेऊन धावेपर्यंत दोन पिल्लं गेली होती. उरलेली सात लाकडांच्या ढिगाखाली दडली होती आणि त्यांची आई पंख पसरून ढिगापुढे उभी होती. तिच्या पाठीची कातडी चार बोटं फाटली होती. रक्त गळत होतं, पण ती जागची हलली नव्हती.

कोंबडीला रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच चोची मारतात, म्हणून तिला आधी वेगळं करावं लागतं. ओसरीच्या कोपऱ्यात तिला टोपल्याखाली ठेवलं. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापली, मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं जखम धुतली, हळद भरली. माशी बसली तर अळ्या पडतात, म्हणून वरून पातळ फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून मलम आणलं. पाणी ती माझ्या ओंजळीतून प्यायली. उन्हाचा पारा ४४ च्या वर होता. सासूबाई रात्रीसुद्धा उठून टोपल्यावरचं गोणपाट ओलं करत होत्या.

पिल्लांचं काम माझ्याकडे आलं. एकाचे पाय फाकले होते. दोन्ही पायांना लोकरीचा मऊ धागा मधे थोडं अंतर ठेवून बांधला, तर चार दिवसांत ते नीट चालू लागलं. पाण्याच्या बशीत खडे टाकावे लागतात, नाहीतर एवढीशी जीव त्यात बुडून मरतात. हे सगळं सासूबाईंनी शिकवलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी विचारलं नव्हतं.

बुधवारी कोंबडीवाला आला. जखमी कोंबडी माझ्या मांडीवर होती, मी मलम लावत होते. तो म्हणाला, "ही पण द्या. अर्ध्या भावात घेतो."

माझे हात थांबले. मी मांस खाणार नाही, हे खरं. पण मी दिलेली कोंबडी ज्या सुरीखाली जाईल ती सुरी दुसऱ्याच्या हातात आहे, एवढ्यानं माझी माळ स्वच्छ राहील का? मला जीव वाचवायचा होता की अंगण स्वच्छ दिसायला हवं होतं?

तेव्हा मला माहेर आठवलं. माझं माहेर नवापूरकडचं. २००६ च्या फेब्रुवारीत तिथे बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिलीच साथ. रोग पसरू नये म्हणून भागातल्या लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मोठ्या पोल्ट्रीतल्या गेल्या, तशा घराघरांतल्याही गेल्या. आईच्या आठ कोंबड्या धडधाकट होत्या, त्याही गेल्या. भरपाई मिळाली. पण पुढे किती तरी दिवस आई पहाटे उठून सवयीनं ज्वारीची मूठ अंगणात टाकायची आणि मग दाणे वेचत बसायची. आईच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. माझ्या हातात होतं.

कोंबडीवाल्याला मी रिकामा परत पाठवला.

माउली, एकनाथ महाराजांनी रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही गोष्ट आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो. ऐकताना डोळे भरून येतात. पण ती कावड रिकामी झाली होती, हे मला त्या दिवशी उमगलं. दया केली की पदरचं काही तरी जातंच.

आमचंही गेलं. त्या सात पिल्लांत तीन कोंबडे निघाले. पूर्वी कोंबडे विकून मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे यायचे. आता त्यासाठी मी कापूस वेचणीला जास्त दिवस जाते. कोंबडे मात्र पहाटे काकड्याच्या आधी बांग देतात. अंडी आमच्या घरात कुणी खात नाही. सासूबाई ओळखीच्या घरी देतात आणि ते पैसे कोंबड्यांच्या दाण्याला जातात. यावरही कुणी बोट ठेवील, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोंबडी मात्र या घरातून विकली जात नाही. आषाढीला मी वारीत असते तेव्हा सासूबाई त्यांचं बघतात.

पण कळप वाढवून चालणार नाही. पिल्लं झाली तर त्यांत पुन्हा कोंबडे निघणार, आणि एवढ्यांना पोसायची आमची ऐपत नाही. म्हणून आम्ही अंडी बसवणं बंद केलं. पूर्वी एकादशीला बसवलेली अंडी पुढची एकादशी उलटून सहा दिवस झाले की एकविसाव्या दिवशी फुटायची, आणि घरभर चिवचिव व्हायची. ते आता नाही.

पाठीवर पिसं न उगवलेली ती कोंबडी अजून आहे. परवा ती पुन्हा खुडूक झाली. मी तिच्याखालची अंडी काढून घेतली. तरी ती त्याच जागी, रिकाम्या गवतावर पंख फुगवून बसली. दाणे टाकले तरी उठेना. संध्याकाळी हरिपाठाला बसले, तेव्हाही ती मला समोर दिसत होती. हरिपाठ संपल्यावर पाण्याची वाटी घेऊन मी तिच्याजवळ जाऊन बसले.

राम कृष्ण हरी.